सुतारांचे नगर ताकायामा

प्रजेने राजाला कर द्यावयाचा तो धान्याच्या, कापडाच्या अथवा नाण्यांच्या रूपाने, अशी रीत बहुतेक देशांच्या इतिहासात आढळते. जपानच्या मध्यभागी, उंच डोंगरांच्या कुशीत वसलेल्या हिदा प्रांताकडून मात्र राजसत्तेने एके काळी कर म्हणून सुतार घेतले. इ. स. ७१८ च्या सुमारास सिद्ध झालेल्या योरो नावाच्या राज्यसंहितेत हिदासाठी एक स्वतंत्र कलम आहे. इतर प्रांतांना कापडाच्या व श्रमाच्या रूपाने जे कर द्यावे लागत, ते या प्रांताला माफ होते. त्याऐवजी दर पन्नास घरांमागे दहा सुतार राजधानीत कामासाठी पाठवावेत, असा दंडक होता. हिदामध्ये भाताची खाचरे थोडी, दऱ्या अरुंद आणि हिवाळा दीर्घ. अरण्ये मात्र अमाप. अशा भूमीतून धान्याची अपेक्षा ती काय करावयाची? तेव्हा राजसत्तेने तेथील माणसांचे हातच मागून घेतले.

तो नारा या राजधानीच्या उभारणीचा काळ होता. प्रासाद उठत होते, बौद्ध विहार उठत होते. इ. स. ७५२ मध्ये तेथील तोदाइजी या विहारात बुद्धाच्या प्रचंड कांस्यमूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी झाला, आणि मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळे रेखण्याचा मान भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूला मिळाला. ही गोष्ट भारतीय वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच नगरीत, त्याच शतकात, डोंगरातून कराच्या हिशेबात आलेले सुतार तुळया तासत होते, याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. या सुतारांना जपानी भाषेत ‘हिदा नो ताकुमी’, म्हणजे हिदाचे कुशल कारागीर, असे म्हणतात. पुढे हे नाव साहित्यात आणि लोककथांत इतके रूढ झाले की, अलौकिक हातोटीच्या कोणत्याही सुताराला ते लाभू लागले.

कीर्ती अशी असली तरी प्रत्यक्षातले जिणे सुखाचे नसावे. कामावरून पळून गेलेल्या सुतारांना शोधून काढावे, अशा आज्ञा त्या काळी वारंवार निघत. इ. स. ८३४ च्या एका राजाज्ञेत म्हटले आहे की, हिदाच्या माणसांची बोली आणि चेहरेपट्टी इतर प्रांतांहून वेगळी असते, त्यामुळे त्यांनी नावे बदलली तरी ते ओळखू येतात. राजधानीच्या गर्दीत लपून राहू पाहणारा तो डोंगरी सुतार तोंड उघडताच पकडला जात असेल. आजचे ताकायामा नगर पाहावयास जाणाऱ्याने ही राजाज्ञा मनात बाळगून जावे. तेथे जे सुंदर म्हणून दिसते, ते कोणाच्या हातांचे आणि कोणत्या मोलाचे, हा प्रश्न मग आपोआप पाठीशी राहतो.

ताकायामा हे हिदा प्रांताचे प्रमुख नगर होय. आजच्या व्यवस्थेप्रमाणे ते गिफू जिल्ह्यात मोडते. नागोया या मोठ्या औद्योगिक शहराहून निघालेली आगगाडी हिदा नदीच्या काठाकाठाने, बोगद्यांतून आणि पुलांवरून वर चढत सुमारे अडीच तासांत तेथे पोहोचते. हा लोहमार्ग १९३४ साली पुरा झाला. तोपर्यंत घाट ओलांडून जाण्यावाचून गत्यंतर नसे. नगर म्हटले की जी घनदाट वस्ती डोळ्यांपुढे येते, ती येथे मध्यभागापुरतीच आहे. २००५ साली आसपासची नऊ गावे ताकायामात विलीन झाली, आणि क्षेत्रफळाच्या दृष्टीने ते जपानमधील सर्वांत मोठे नगर ठरले. तोक्यो महानगराच्या तोडीचे त्याचे क्षेत्र आहे, तथापि त्यातील नऊ दशांशांहून अधिक भाग अरण्याचा, आणि माणसे २०२० च्या शिरगणतीप्रमाणे अवघी ८५ हजारांच्या आसपास. म्हणून त्याला नगर म्हणावे की डोंगराळ मुलूख म्हणावे, असा संभ्रम पडतो. भल्या सकाळी मियागावा नदीच्या काठी बाजार भरतो. तेथे खेड्यांतून आलेल्या वृद्ध बायका मुळे, मुरवलेल्या भाज्या, सफरचंदे आणि फुले घेऊन बसलेल्या दिसतात, तेव्हा त्या संभ्रमाचा निकाल लागतो. या नगराचे निम्मे मन शेतावर आहे.

‘ताकायामा’ या शब्दाचा अर्थच उंच डोंगर. आजच्या नगराची मांडणी कानामोरी नागाचिका या सरदाराने केली. १५८५ साली त्याने हिदा प्रांत जिंकला, टेकडीवर किल्ला बांधण्यास घेतला आणि पायथ्याशी नगर आखले. उंचवट्यावर सामुराईंची घरे आणि त्याखाली, नदीच्या बाजूने, व्यापाऱ्यांचे तीन समांतर रस्ते. क्योतो हे नागाचिकाचे आदर्श नगर होते. मियागावा नदीला त्याने क्योतोच्या कामो नदीचे स्थान दिले आणि पूर्वेच्या टेकडीवर एकामागून एक बौद्ध मंदिरे आणून वसवली. क्योतोप्रमाणे त्या टेकडीचे नावही हिगाशियामा, म्हणजे पूर्वेचा डोंगर. लहान गावाने राजधानीचे रूप धारण करावयाची हौस बाळगावी, यात कोणाला हसू येईल. परंतु ज्या प्रांताच्या सुतारांनी राजधान्या बांधल्या, त्याने स्वतःसाठी एक लहानशी राजधानी बांधून घेतली, असेही त्याकडे पाहता येते.

कानामोरी घराण्याने सहा पिढ्या राज्य केले. १६९२ साली एदो येथील शोगुनने त्यांना दूरच्या प्रांतात हलवले आणि हिदा थेट आपल्या ताब्यात घेतला. या प्रांताचे लाकूड आणि खाणी यांवर शोगुनचा डोळा होता, असे सामान्यतः मानले जाते. १६९५ साली किल्ला पाडून टाकण्यात आला. आज टेकडीवर काही दगडी भिंतींचे अवशेष आणि बाकी झाडी एवढेच शिल्लक आहे. किल्ला गेला आणि व्यापाऱ्यांचे तीन रस्ते उरले. प्रवासी आज जे पाहावयास जातात ते हेच तीन रस्ते. त्या भागाला सान्माची, म्हणजे तीन पेठा, असे नाव आहे.

या पेठांत शिरताच प्रथम जाणवते ती ठेंगणी वळचण. घरांचे दर्शनी छप्पर इतके खाली आलेले असते की, उंच माणसाने हात वर केला तर सहज टेकावा. वरचा मजला आहे, पण तो रस्त्याच्या बाजूला बुटका आणि जवळजवळ मिटलेला. घरांना भडक रंग नाही. काजळी आणि काव यांचे मिश्रण लाकडावर चोळून आणलेला काळसर तपकिरी रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो. भिंतींच्या जागी उभ्या गजांच्या लाकडी जाळ्या आहेत. आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतले दिसत नाही. दोन्ही बाजूंना, घरांच्या पायथ्याशी, दगडी पाटांतून पाणी खळाळत असते. हे पाणी शोभेसाठी आहे असे पाहुण्याला वाटते. त्याची मूळ योजना आगीसाठी. हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ लोटण्यासही ते उपयोगी पडते.

काही घरांच्या दारावर सुगी वृक्षाच्या डहाळ्यांचा एक मोठा गोल गोळा टांगलेला असतो. सुगी म्हणजे जपानी देवदार. हा गोळा दिसला की तेथे तांदळाचे साके नावाचे मद्य गाळले जाते असे समजावे. हिवाळ्यात नवे मद्य तयार झाले की हिरवागार ताजा गोळा टांगतात. पुढे महिने जातील तसतसा तो वाळून तपकिरी होत जातो. म्हणजे दारावरची ती पाटीही आहे आणि मद्य किती मुरले याचे घड्याळही आहे. अक्षर न वापरता इतके सांगणारी पाटी क्वचितच पाहावयास मिळेल.

रस्त्याच्या कोपऱ्यांवर, घरांच्या फटीत, कधी छोट्या ओट्यावर, लहान लहान देवळ्या आढळतात. त्या आकिबा या अग्निनिवारक देवतेच्या. त्यांची संख्या पाहिली की या नगराचे खरे भय कोणते होते ते कळते. लाकडाचे नगर आणि प्रत्येक घरात पेटती चूल! ताकायामा अनेकदा जळाले आहे. १८७५ सालच्या आगीत कित्येक पेठा भस्मसात झाल्या. तेव्हा चारशे वर्षांपूर्वीची म्हणून जी घरे दाखवली जातात, त्यांतील बहुतेकांचे लाकूड चारशे वर्षांपूर्वीचे नाही. ते एकोणिसाव्या शतकातले, काही त्याहूनही अलीकडचे. जुनी आहे ती आखणी, घर बांधण्याची रीत आणि जळाल्यावर पुन्हा तेच उभे करण्याचा हट्ट. दगडी शिल्पे पाहून पुरातनतेचा अंदाज बांधण्याची सवय असलेल्या भारतीय मनाला ही गोष्ट आरंभी जराशी फसवणुकीसारखी वाटण्याचा संभव आहे. पण ती फसवणूक नव्हे. लाकूड जळते, कुजते, झिजते हे गृहीत धरूनच येथील कारागिरी चालली आहे. तुळई बदलता येईल अशाच रीतीने सांधा घातला जातो.

घरांच्या त्या ठेंगणेपणालाही कारण आहे. शोगुनच्या राजवटीत सामान्य प्रजेने किती उंच बांधावे, कोणते लाकूड वापरावे यांवर निर्बंध होते. हिनोकीसारखे उत्तम लाकूड व्यापाऱ्याला उघडपणे वापरता येत नसे, आणि रस्त्याने जाणाऱ्या अधिकाऱ्याकडे वरच्या मजल्यावरून पाहणे हा उद्धटपणा ठरे. व्यापारी श्रीमंत झाले, सावकार झाले, अधिकाऱ्यांना कर्जे देऊ लागले. घराचे तोंड मात्र गरिबाचे ठेवावे लागले. साहजिकच श्रीमंती आत वळली. जाळीच्या मागे, माजघरात, चुलीवरच्या काजळीने काळ्याभोर झालेल्या तुळयांच्या सांध्यांत ती दिसते.

१८६८ च्या राज्यक्रांतीनंतर हे निर्बंध उठले. त्याचा परिणाम पाहावयाचा असेल तर कुसाकाबे या व्यापारी घराण्याचा वाडा पाहावा. १८७५ च्या आगीत जुना वाडा जळाल्यावर १८७९ साली कावाजिरी जिसुके या सुताराने तो नव्याने उभारला, आणि आजवर नाकारलेले हिनोकीचे लाकूड या वेळी मोकळ्या हाताने वापरले. त्याच्या शेजारीच योशिजिमा या साके गाळणाऱ्या घराण्याचा वाडा आहे. तोही आगीनंतर, १९०७ साली, पुन्हा बांधलेला. आत पाऊल टाकल्यावर डोके आपोआप वर जाते. आढ्यापर्यंत मोकळे माजघर, त्यात उभ्या खांबांची आणि आडव्या तुळयांची एकमेकांत गुंतलेली चौकट, आणि उंचावरच्या खिडकीतून तिच्यावर पडणारा प्रकाश. कोरीव काम जवळजवळ नाही, सोनेरी मुलामा नाही, नक्षी नाही. लाकडाचा सरळपणा हाच अलंकार. १९६६ साली हे दोन्ही वाडे राष्ट्राची महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून जाहीर झाले.

मियागावा नदीवरील नाकाबाशी हा लाल पूल ओलांडून पलीकडे गेले की शोगुनच्या कारभाऱ्यांचे कार्यालय लागते. त्याला जिन्या म्हणतात. अशी कार्यालये जपानभर साठाच्या आसपास होती. इमारतींसह टिकून राहिलेले मुख्य कार्यालय हे एकच. १६९२ पासून क्रांतीपर्यंत पंचवीस कारभारी येथे येऊन गेले. त्यानंतरही नव्या सरकारची कचेरी येथेच भरत असे, ती १९६९ पर्यंत. आत बसावयाच्या चटयांच्या काठांवरून माणसाची पायरी ठरे: वरिष्ठांच्या दालनात रेशमी काठ, कनिष्ठांच्या दालनात साधे. लाकडात ठोकलेल्या खिळ्यांची डोकी झाकण्यासाठी सशाच्या आकाराच्या धातूच्या चकत्या बसवल्या आहेत. सशाचे कान लांब असतात, तद्वत प्रजेचे म्हणणे ऐकावे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

हा अर्थ खरा असेल तर तो कटू आहे. कारण याच इमारतीतून हिदाच्या शेतकऱ्यांवरचा सर्वांत मोठा जुलूम झाला. १७७१ साली शोगुनच्या सत्तेने डोंगरातील वृक्षतोड थांबवली. लाकूडतोडीवर पोट भरणाऱ्या गावांचा घास गेला. १७७३ साली ओहारा हिकोशिरो या कारभाऱ्याने सर्व जमिनींची फेरमोजणी आरंभली, आणि तिचा हेतू सारा वाढवण्याचा आहे हे उघड झाले. गावकरी एदोला जाऊन अर्ज करून आले, त्यांतले कित्येक पकडले गेले. मग हजारो शेतकरी मिनाशी देवस्थानाच्या आवारात जमले. हे देवस्थान हिदातील प्रथम क्रमांकाचे. देवाच्या अंगणात सरकार हात उचलणार नाही, असा त्यांचा भाव असावा. शेजारच्या राज्यांतून फौजा मागवण्यात आल्या आणि त्या आवारातच जमावावर शस्त्र चालले. पुढाऱ्यांना देहान्त शिक्षा झाल्या. शेतकऱ्यांना साथ देणाऱ्या देवस्थानच्या पुजाऱ्यांनाही सोडले नाही. मोजणी पुरी झाली. हिदाचा सारा सुमारे ४४ हजार कोकूंवरून ५५ हजार कोकूंवर गेला; एक कोकू म्हणजे अंदाजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. हिकोशिरोला बढती मिळाली. तथापि असंतोष विझला नाही. त्याच्या मुलाच्या कारभारात पुन्हा तक्रारी उठल्या, शेवटी एदोने त्या ऐकल्या, आणि १७८९ साली त्या मुलाला हाचिजो या दूरच्या बेटावर हद्दपार केले. असा हा अठरा वर्षांचा झगडा. जिन्यामध्ये जी प्रचंड धान्यकोठी उभी आहे, तिच्या फळ्यांच्या छपरावर दगड ठेवलेले आहेत. कोठी पाहणाऱ्याला तिची भव्यता आवडते. तिच्यात भरला जाणारा तांदूळ कोठून येत होता, हे तेथील खडी अंथरलेल्या चौकशीच्या जागेकडे पाहिल्यावर लक्षात येते.

येथवर देवस्थान हा शब्द आला, त्याचा खुलासा करणे इष्ट. जपानात बौद्ध मंदिर वेगळे आणि शिंतो देवस्थान वेगळे. मंदिरात बुद्धाची अथवा बोधिसत्त्वाची मूर्ती असते. शिंतो देवस्थानात बहुधा मूर्तीचे दर्शन होत नाही. तेथे ‘कामी’ नावाच्या शक्तीचा वास मानतात. ती शक्ती डोंगराची असेल, पूर्वजाची असेल, वीराची असेल. प्रवेशाला दोन खांबांचे मोकळे तोरण, मग पाण्याचे कुंड, तेथे हात धुवावयाचे, तोंड खळाळावयाचे, आणि गाभाऱ्यापुढे दोनदा वाकून, दोनदा टाळी वाजवून, पुन्हा एकदा वाकावयाचे. एवढा विधी झाला की दर्शन पुरे. सामान्य जपानी मनुष्य या दोन्ही ठिकाणी तितक्याच सहजतेने जातो. कोणत्या धर्माचा, असे विचारले तर तोच बुचकळ्यात पडतो.

ताकायामाच्या उत्तर भागात साकुरायामा हाचिमानगू हे हाचिमान देवतेचे स्थान आहे. त्याच्या स्थापनेची कथा एका विलक्षण पुरुषाशी निगडित आहे. जपानच्या प्राचीन राजकीय इतिहासग्रंथात सांगितले आहे की, हिदामध्ये सुकुना नावाचा एक राक्षस होता. त्याला दोन दिशांना पाहणारी दोन तोंडे आणि चार हात होते, तो राजाज्ञा मानीत नसे, म्हणून सम्राटाने सेनापती पाठवून त्याचा वध करविला. त्या सेनापतीने मोहिमेपूर्वी येथे प्रार्थना केली, असे देवस्थानची परंपरा सांगते. पण हिदाच्या खेड्यांत जाऊन विचारावे, तर तेथे सुकुना राक्षस नाही. तो लोकांचा रक्षक आहे, विषारी नागाचा नाश करणारा आहे, मंदिरांचा संस्थापक आहे. ताकायामाच्या हद्दीतील सेन्कोजी मंदिरात सतराव्या शतकातील एन्कू या भ्रमंती करणाऱ्या भिक्षूने कुऱ्हाडीच्या आणि छिन्नीच्या थोड्या घावांत घडवलेली सुकुनाची मूर्ती आहे. एकच पुरुष राजधानीच्या बखरीत राक्षस आणि डोंगराच्या स्मृतीत देव! सुतारांना चेहऱ्यावरून ओळखून पकडा म्हणणारी राजधानी आणि हा दोन तोंडांचा सुकुना यांची आठवण एकदमच यावी, यात नवल नाही.

नगराच्या मध्यावर कोकुबुन्जी हे सर्वांत जुने बौद्ध मंदिर आहे. ७४१ साली सम्राट शोमू याने प्रत्येक प्रांतात एक विहार बांधण्याची आज्ञा केली. त्यांपैकी हा हिदाचा विहार. मूळचा मनोरा केव्हाच नाहीसा झाला, त्याच्या पायाचा एक प्रचंड दगड तेवढा उरला आहे. आजचा तीन मजली मनोरा एकोणिसाव्या शतकातील. अंगणात गिंको वृक्ष उभा आहे. त्याचे वय बाराशे वर्षांहून अधिक सांगतात. त्याच्याविषयी एक लोककथा आहे. मनोरा बांधणाऱ्या मुख्य सुताराने चुकून खांब आखूड कापले. आता शिरच्छेदावाचून सुटका नाही, अशा विवंचनेत तो पडला असता, यायेगिकू नावाच्या त्याच्या मुलीने सुचवले की, खांबांच्या माथ्यावर लाकडी ठोकळ्यांची रचना बसवून उणीव भरून काढावी. तसे केले, आणि मनोरा पूर्वी योजला होता त्याहूनही सुंदर दिसू लागला. सर्वत्र सुताराची वाहवा झाली. ही युक्ती मुलीची होती हे बाहेर फुटेल या भयाने बापाने तिला मारले, मनोऱ्याच्या अंगणात पुरले, आणि वर गिंकोचे रोप लावले.

कथा ऐतिहासिक आहे असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या प्रांताचा सारा मानसन्मान कारागिरीवर उभा, त्याच प्रांताने कारागिराच्या अहंकाराची ही कथा सांभाळून ठेवावी, आणि ती आपल्या सर्वांत जुन्या झाडाला बांधून ठेवावी, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शरद ऋतूच्या शेवटी त्या वृक्षाची पिवळी पाने थोड्याच दिवसांत गळून अंगण झाकून टाकतात. ती पाने गळली की बर्फ येणार, असे ताकायामाचे लोक मानतात.

ताकायामाच्या सुतारकामाचा परमोत्कर्ष पाहावयाचा तर त्याच्या दोन उत्सवांत. वसंतातला उत्सव १४ व १५ एप्रिलला, नगराच्या दक्षिण भागातील हिए देवस्थानाचा. शरदातला ९ व १० ऑक्टोबरला, हाचिमान देवस्थानाचा. वसंतात बारा आणि शरदात अकरा रथ निघतात. या रथांना याताई म्हणतात. उंच, तीन थरांचे, लाखेने आणि सोनेरी पत्र्याने मढवलेले, कोरीव काम आणि जाड जरीचे पडदे यांनी भरलेले. जी श्रीमंती व्यापाऱ्यांना घराच्या तोंडावर दाखवता येत नव्हती, ती त्यांनी देवाच्या नावाने रथावर उधळली. देवाच्या वैभवाला आडकाठी कोण करणार? प्रत्येक रथ एका विशिष्ट पेठेचा. पेठापेठांत अहमहमिका चाले, आणि तीतून कोरक्यांना काम मिळे. तानिगुची योरोकू या एकोणिसाव्या शतकातील कोरक्याने एका रथावर खेळणारी मुले आणि पिंजऱ्यातला कोंबडा कोरला आहे. पिंजरा आणि आतला कोंबडा दोन्ही एकाच लाकडातून काढलेले. योरोकू पुढे ताकायामा सोडून गेला आणि दूर देशी वारला.

अरुंद बोळांत एवढा उंच रथ वळवावयाचा कसा, ही अडचण सुतारांनी मोठ्या युक्तीने सोडवली. रथाच्या तळाशी एक जादा चाक दडवलेले असते. वळण आले की ते खाली सोडतात, रथाची एक बाजू उचलली जाते, आणि त्या चाकावर सारा डोलारा फिरतो.

काही रथांवर कळसूत्री बाहुल्या असतात: वसंतात तीन रथांवर, शरदात एकावर. शरदातल्या रथाचे नाव होतेई. होतेई म्हणजे मोठ्या पोटाचा हसरा भिक्षू. पूर्व आशियात त्याला मैत्रेय बोधिसत्त्वाचा अवतार मानतात. त्याच्यापुढे दोन मुलांच्या बाहुल्या एका झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावर उड्या घेत जातात आणि शेवटी त्याच्या खांद्यावर येऊन बसतात. झोके अंतरा-अंतरावर टांगलेले, बाहुल्या एकातून दुसऱ्यावर सुटलेल्या, आणि हे सारे ३६ दोऱ्यांनी चालते. दोऱ्या ओढणारी माणसे रथाच्या आत दडलेली असल्याने ती दिसत नाहीत. बाहुली क्षणभर अडखळली तर खालचा जमाव श्वास रोखून धरतो. ही कला पिढीजात शिकवली जाते. दोन दिवसांच्या प्रयोगासाठी सराव मात्र पुष्कळ आधीपासून सुरू होतो.

उत्सव नसेल तेव्हा हे रथ कोठे असतात? पेठांतून हिंडताना मध्येच पांढऱ्या जाड भिंतींची, खिडक्या नसलेली, अतिशय उंच दारांची एखादी इमारत दिसते. ती रथाची कोठी. तिच्या मातीच्या भिंती आग अडवण्यासाठी आहेत. लोक स्वतः लाकडाच्या घरांत राहिले आणि रथ मातीच्या भिंतींत ठेवला, यावरून त्यांच्या लेखी कशाचे मोल अधिक होते, हे कळते. पावसाची शंका असली तरी रथ बाहेर काढीत नाहीत. दूर देशाहून आलेला पाहुणा निराश होतो. पेठेतल्या वृद्धांचे मत त्यापायी बदलत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जपानची भरभराट झाली, आणि त्या भरात अनेक नगरांनी आपली लाकडी घरे पाडून काँक्रीटची उभी केली. ताकायामाही त्या वाटेने गेले असते. आड आली ती काही पेठांतील रहिवाशांची जागरूकता. १९६६ साली एका पेठेतील रहिवाशांनी आपल्या रस्त्याचे रूप राखण्यासाठी मंडळ स्थापले. सरकारी कायदा पुष्कळ नंतर आला. १९७५ साली सांस्कृतिक संपत्तीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन एकेका इमारतीऐवजी सबंध वस्तीला संरक्षण देण्याची सोय झाली, आणि १९७९ साली सान्माचीला ते संरक्षण मिळाले. २०१६ साली युनेस्कोने जपानमधील ३३ रथोत्सवांचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. त्यांत ताकायामाचा उत्सव आहे.

या सर्व गौरवाची दुसरी बाजू आहेच. २०१९ या एका वर्षात सुमारे सहा लाख परदेशी पाहुण्यांनी ताकायामात मुक्काम केला. दुपारच्या वेळी सान्माचीत पाय ठेवावयास जागा नसते. ज्या दारांवर गोळा टांगलेला आहे तेथे मद्य चाखणाऱ्यांची रांग. ज्या ओसरीवर पूर्वी हिशेबाच्या वह्या होत्या तेथे लाल कापडाच्या बिनचेहऱ्याच्या बाहुल्या विकावयास मांडलेल्या. या बाहुल्यांना सारुबोबो म्हणतात. हिदातील आज्या नातवंडांसाठी त्या शिवीत असत. आता त्या ढिगांनी मिळतात, आणि शिवणारी आजी बहुधा कारखान्यात असते. त्या गर्दीवर नाक मुरडणे सोपे आहे. पण गर्दी नसती तर एवढी छपरे कोणाच्या पैशाने शाकारली असती, याचे उत्तर नाक मुरडणाऱ्यापाशी नसते. त्याहून कठीण प्रश्न माणसांचा आहे. तरुण मंडळी मोठ्या शहरांकडे जातात, पेठांतील घरे कमी होत जातात, आणि रथ मात्र तितकाच जड राहतो. ज्या पेठेच्या वाट्याला रथ, तिच्या रहिवाशांनीच तो ओढावा, ही जुनी रीत. आता कित्येक ठिकाणी बाहेरचे हात बोलवावे लागतात.

तेव्हा पाहुण्याने सान्माची पाहावी ती सकाळी सात वाजण्याच्या सुमारास. त्या वेळी दुकाने मिटलेली असतात. कोणी वृद्ध गृहस्थ आपल्या दारापुढचा रस्ता झाडीत असतो, कोणी बाई कुंडीतल्या रोपाला पाणी घालते, पाटातल्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. आणि ऑक्टोबरात गेल्यास ९ तारखेची रात्र चुकवू नये. त्या रात्री प्रत्येक रथावर शंभरएक कागदी कंदील लावतात. रथ एकामागून एक काळोख्या पेठांतून हळूहळू फिरतात. फेरी पुरी झाली की ते एका ठिकाणी एकमेकांपासून वेगळे होतात आणि प्रत्येक जण आपापल्या पेठेची वाट धरतो. निरोप घेताना ओढणारे ‘उंच डोंगर’ नावाचे एक जुने गाणे म्हणतात. कंदील डुलत लांब जातात, गाण्याचा आवाज बोळातून येत राहतो. मग कुठेतरी कोठीची ती उंच दारे उघडतात, रथ आत जातो, कंदील एकेक करून विझवले जातात, आणि दारे लागतात.